घरची मुलगी

आईच्या पदराला कायम दुसऱ्या मुलांच्या वरणाचा वास यायचा. बेलवलीच्या आमच्या दोन खोल्यांत ती शिरली की त्या वासावरून आज तिकडे काय शिजलं ते मला कळायचं. लसूण असेल तर साधं वरण, खोबरं असेल तर अंड्याची आमटी, आणि वेलदोडा असेल तर कुणाचा तरी वाढदिवस. आई चामटोलीच्या वाटेवरच्या मिशनमध्ये स्वयंपाक करायची. ते आईबाप नसलेल्या मुलांचं वसतिगृह. फाटकावर इंग्रजी पाटी होती, पण ती वाचायच्या भानगडीत कुणी पडत नसे. बदलापुरात सगळे त्याला मिशनच म्हणत. सकाळी स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, मग त्याची घरघर, मग बाबांच्या डब्याची कडी खट्‌कन लागल्याचा आवाज. बाबा अंबरनाथच्या कारखान्यात पाळीला जायचे, आणि त्यांच्या पाठोपाठ आई निघायची. संध्याकाळी परत आली की हातपाय धुऊन पुन्हा स्टोव्हपुढे बसायची, आणि अंगात जेवढा जोर उरला असेल तेवढ्यात जे होईल ते आमच्या ताटात पडायचं. बहुतेक वेळा दुधी, नाहीतर पिठलं.

"आई, मला दुधी नको."

"खा मुकाट्यानं. तिकडं पोरं काय वाढू ते खातात."

"तिकडच्या पोरांना आज काय वाढलंस?"

आई तव्यावरची भाकरी उलटायची आणि म्हणायची, "अंड्याची आमटी."

"उद्या आपण दोघं पण मिशनमध्ये भरती होऊ," बाबा मला म्हणायचे. "फक्त मला कुणी अनाथ म्हणून घेईल का, एवढाच प्रश्न आहे." ते हसायचे, आईही हसायची. मला हसू यायचं नाही. तिकडे खोलीभर मुलं माझ्या आईला मंगलमावशी म्हणत, तिच्या पदराला हात पुसत. कुणाला भोपळा आवडत नाही, कुणाला ताप येऊन गेलाय, कुणाला करपलेल्या भाताची खरपुडी लागते, हे सगळं तिला पाठ होतं. ती खरपुडी सुमनला मिळायची. सुमन माझ्याच वयाची, म्हणजे आठवीतली, काळीसावळी, लांब केसांची आणि फटकळ तोंडाची. आमच्या घरी भात करपायचा नाही, कारण तो इतका थोडा असायचा की आई त्यावरची नजर काढायचीच नाही. म्हणजे खरपुडी मला कधी मिळालीच नाही. आज हे लिहिताना गंमत वाटते, पण तेव्हा मला ती गंमत वाटत नव्हती. पातेल्याच्या बुडाशी चिकटलेल्या भातासाठी मी सुमनवर किती जळायचे, ते मलाच ठाऊक.

शाळा सकाळची असल्यामुळे दुपारी मी मिशनमध्ये जायचे. लसूण सोलायचे, ताटं मांडायचे, लहान पोरांच्या नाकातोंडाकडे बघायचे. तिथे जेवायची एक रीत होती. आधी कुणी पाहुणे असतील तर ते, मग मुलं, आणि शेवटी घरचे. घरचे म्हणजे मिशन चालवणारे पाळकसाहेब, त्यांची बायको म्हणजे आमच्या पाळकबाई, माळीकाका, आई आणि मी. आम्ही बौद्ध, ते ख्रिस्ती, पण पाळकबाई कुणालाही सांगताना म्हणायच्या, "वैशाली काय, घरचीच मुलगी आहे." हे ऐकून मी फुलून जायचे, आणि लगेच पस्तावायचे. कारण घरच्यांना सगळ्यात शेवटी मिळतं. नाताळात खाऊ वाटताना मी रांगेत उभी राहिले की आई माझ्या दंडाला धरून मला बाजूला घ्यायची. "तू घरची आहेस ना? मग मागं हो." सगळ्यांना वाटून झाल्यावर डब्याच्या तळाशी करंजीचा चुरा उरलेला असायचा, तो आमचा.

त्या वर्षी नाताळानंतर परदेशातल्या एका चर्चची मंडळी यायची होती. पाळकबाईंनी मुलांना अंगणात बसवून सांगितलं, "बघा हं, खूप लांबून पाहुणे येणार आहेत. गरीब देशातल्या मुलांची सेवा करायची म्हणून त्यांच्या मंडळीनं त्यांना पाठवलंय. तेव्हा नखं कापायची, केस धुवायचे, आणि शेंबूड दिसता कामा नये."

सुमननं हात वर केला. "बाई, मग ते आपल्याकडे किती दिवस राहणार?"

"पंधरवडाभर."

"मग तिकडं गरीब देशात पोचायला त्यांना उशीर नाही का होणार?"

पाळकबाई हसल्या नाहीत. "ते इथंच येणार आहेत, बाळा," त्या म्हणाल्या. सुमननं मान वर करून मिशनच्या नव्या कौलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आम्हा कुणालाच ते नीट पटलं नव्हतं. मला मात्र एक गोष्ट लगेच समजली. गरीब म्हणून जे काही मिळणार होतं, ते मिशनच्या मुलांना मिळणार होतं. मी घरची होते.

पाहुणे आले आणि आईची पंचाईत झाली. तिखट घालायचं नाही, तेल कमी, भाज्या नुसत्या उकडायच्या. "आजारी माणसाचं जेवण करायला लावलंय मला," आई कुरकुरायची. त्यांनी तिच्या हातचं थोडंसंच खाल्लं की ती ताटं उचलताना प्रत्येक ताटात डोकावून बघायची. सहा-सात जण होते. ते भिंती रंगवायचे, कागदाच्या चांदण्या कापायला शिकवायचे, हातमोज्यांच्या बाहुल्या करून गोष्टी सांगायचे. त्यांत एक कॅरल नावाची बाई होती. आईच्याच वयाची असेल, थोराड, गालावर तांबूस ठिपके. बाजारातून घेतलेला सलवार-कमीज तिला आखूड व्हायचा आणि हसताना ती तोंडावर हात घ्यायची नाही. रडतानाही नाही. लहान मुलांच्या पायाची खरूज ती स्वतःच्या हातांनी धुवायची, बोटांच्या बेचक्यांतून मलम लावायची. मी खूप वर्षं नोकरी केली, पुष्कळ माणसं पाहिली, पण परक्याच्या खरजेला असा हात लावणारी माणसं फार भेटली नाहीत. हे इथे लिहिते, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात त्या बाईंचा काही दोष नव्हता.

दुपारी कॅरल पायरीवर बसायची आणि सुमनच्या केसांशी खेळायची. वेणी घालायची, सोडायची, पुन्हा घालायची. सुमन डोळे मिटून बसलेली असायची. मी स्वयंपाकघराच्या दारातून लसूण सोलता सोलता बघायचे. माझी वेणी आई सकाळच्या घाईत, पाळीच्या भोंग्याकडे कान ठेवून, तीन झटक्यांत घालून टाकायची.

त्यातच फ्रॉक वाटले गेले. पाहुण्यांनी आणलेल्या कपड्यांच्या पेट्या विमानतळावर अडकल्या होत्या, म्हणून पाळकसाहेब बाबांना घेऊन उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये गेले. तिथला एक सिंधी दुकानदार बाबांच्या ओळखीचा होता. मुलींना ते फ्रॉक परदेशातूनच आले असं वाटत होतं. मला खरं काय ते माहीत होतं, कारण बाबांनी घरी दुकानदाराची नक्कल करून दाखवली होती. "लेबल देख, अंकल, लेबल! फॉरेनवाले भी धोका खाएंगे." एवढं ठाऊक असूनही, गुलाबी झालरीचा फ्रॉक घालून सुमन जेव्हा माझ्यासमोर गर्रकन फिरली तेव्हा मला रडू आलं.

"तुझी मजा आहे," मी म्हटलं.

"तुला पाहिजे?"

"देशील?"

"देते की. तुझी आई मला दे."

"एक दिवस?"

"एक दिवसाचं काय करू? कायमची दे."

ती चेष्टा करत होती की नाही, हे तिच्या तोंडावरून कळत नसे. पण मी लगेच नाही म्हटलं नाही. मी विचार करत होते. दुधी, तीन झटक्यांची वेणी, करंजीचा चुरा, आणि दुसऱ्या बाजूला तो फ्रॉक आणि ती पायरी. सुमननं माझा चेहरा वाचला असावा. ती म्हणाली, "जा गं, येडी," आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी कॅरल पाणी मागायला स्वयंपाकघराच्या दाराशी आली. आई मागे तांदूळ धुवत होती. मी लोट्यातून पाणी दिलं. तिनं मला जवळ बसवून नाव विचारलं. तिला वैशाली म्हणता येईना. व्हाय-शॅली म्हणाली आणि आम्ही दोघीही हसलो. पाचवीपासूनचं सगळं इंग्रजी मी तोंडात गोळा करून बसले होते. तिनं हळूहळू, एकेक शब्द सुटा करत विचारलं, "यू आर फ्रॉम द होम?" मला त्यातला शेवटचा शब्द नीट कळला. होम म्हणजे घर. ती विचारतेय, तू घरची का? मला इतका अभिमान वाटला की मी पाळकबाईंचंच वाक्य इंग्रजीत करून ठणठणीत आवाजात सांगितलं, "येस. आय अॅम होम गर्ल."

कॅरलचे डोळे भरून आले. माझं इंग्रजी ऐकून आले, असं मला वाटलं. तिनं मला जवळ घेतलं. फाटकावरच्या इंग्रजी पाटीवर 'होम' हाच शब्द होता आणि पाहुण्यांच्या तोंडी मिशनला तेच नाव होतं, हे मला कोण सांगणार? त्या दुपारी तिनं माझी वेणी घातली, आणि पुढचे दोन दिवसही. तिची बोटं सावकाश चालत होती. दारातून आईनं एकदा हाक मारली, "वैशे, लसूण राहिला." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. दुसरी हाक आली नाही.

पाहुणे जायच्या दिवशी अंगणात मांडव घातला होता. पाळकसाहेबांनी सांगितलं की पाहुण्यांपैकी प्रत्येक जण एका मुलाचं पालकत्व घेणार आहे. त्या मुलाचं शिक्षण, अगदी कॉलेजपर्यंतचं, ते करतील, वर्षातून दोनदा पत्र लिहितील. कुणी कुणाला निवडलं हे पाहुण्यांनी आधी कुणालाही कळू दिलं नव्हतं. आयत्या वेळी मुलांना आनंद व्हावा अशी त्यांची हौस. आमच्या घरी तोवर दहावीच्या पुढचा विषय निघाला की बाबा "बघू" म्हणायचे आणि आई भाकरी थापायला लागायची. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. मी मांडवाच्या मागच्या बांबूला टेकून उभी होते, घरच्यांच्या जागी, आणि पुकारलं जाणारं एकेका मुलाचं नाव ऐकत होते. माझं नाव येणार नाही हे माहीत होतं. तरीही सुमनचं येऊ नये असं वाटत होतं.

पाळकबाईंनी पाहुण्यांकडून एक मराठी वाक्य घोकून घेतलं होतं. पुरुषांनी म्हणायचं, मी तुझा बाबा. बायकांनी म्हणायचं, मी तुझी आई. कॅरल उठली. तिनं मांडवभर नजर फिरवली, आणि माझ्यावर येऊन थांबली. "व्हाय-शॅली!"

मी कशी चालत गेले ते आठवत नाही. तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले आणि स्पष्ट म्हणाली, "मी तुजी आई."

मुलांत कुजबुज सुरू झाली. पाळकसाहेबांनी पाळकबाईंकडे पाहिलं. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती, हातात वरणाचा डाव. डावातून वरण पायरीवर गळत होतं आणि तिचं तिकडे लक्ष नव्हतं. पाळकबाई लगबगीनं तिच्याकडे गेल्या. ते दार मांडवाला लागूनच असल्यामुळे त्यांचं हळू बोलणंही मला ऐकू आलं.

"मंगल, त्यांची काहीतरी समजूत चुकलीय. पण तू आता काही बोलू नकोस. मी नंतर बघते. पोरगी शिकेल गं, कॉलेजात जाईल."

"शिकू दे की," आई म्हणाली. "पण ही बाई काय म्हणाली, ते ऐकलं का तुम्ही?"

"अगं, नुसतं म्हणायचं असतं ते."

"नुसतं कसं? मग मी कोण?"

आई तशीच डाव घेऊन मांडवात आली. पाहुण्यांपुढे ती कधी येत नसे. ताटं वाढतानासुद्धा पदर पुढे ओढून घ्यायची. ती कॅरलपुढे उभी राहिली. तिला इंग्रजी येत नव्हतं आणि कॅरलला ते एकच मराठी वाक्य. आईनं स्वतःच्या छातीवर थाप मारली आणि म्हणाली, "माय." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला. "माय! समजलं? मी हिची माय."

आई जालन्याकडची. तिकडे आईला माय म्हणतात. मी बदलापूरच्या शाळेतल्या मुलींचं ऐकून तिला आई म्हणायला लागले होते. तिच्या तोंडी मात्र जिव्हाळ्याच्या किंवा रागाच्या क्षणी मायच यायचं. कॅरलला तो शब्द इंग्रजीतला ऐकू आला. माय, माझी. मी आयुष्यभर भाषांतरं केली, ऑफिसात कागदांचे ढीग मराठीतून इंग्रजीत नेले, पण दोन्हीकडून इतका बरोबर लागलेला शब्द माझ्या हातून कधी गेला नाही. कॅरलनं आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आमची नाकं सारखी आहेत. तिचे गाल लाल झाले आणि तिनं माझे हात सोडले. मग ती आईला काहीतरी भराभर म्हणाली, पुन्हा पुन्हा म्हणाली. ती माफी मागतेय असं पाळकबाईंनी सांगितलं. आईनं मान हलवली, आणि सांडलेलं वरण पुसायला फडकं आणायला गेली.

कॅरलनं मग सुमनला बोलावलं. या वेळी तिनं ते वाक्य म्हटलं नाही. नुसता हात पुढे केला. सुमन आली, हात धरला, आणि मांडवभर टाळ्या वाजल्या. मी पण वाजवल्या. माझ्या हातांना अजून दुसऱ्या हातांची ऊब होती, आणि ते हात आता सुमनकडे होते. इतका हेवा मला पुढे कधीच कुणाचा वाटला नाही. माझ्या आधी बढती मिळालेल्या बाईचा नाही, मोठं घर घेणाऱ्या चुलत बहिणीचा नाही.

सुमन नर्सिंग शिकली. तिला पत्रं येत राहिली, त्यांतली इंग्रजी वाक्यं ती मला वाचायला द्यायची आणि मी दात-ओठ खात वाचायचे. माझ्यासाठी पाळकबाईंनी स्वतःची दुपारची झोप मोडली आणि मला दहावीपर्यंत इंग्रजी शिकवलं, एकही पैसा न घेता. बाबांनी ओव्हरटाइम केला, आणि मी उल्हासनगरच्या कॉलेजातून बी.ए. झाले. निकालाच्या दिवशी पाळकबाईंनी मिशनमध्ये शिरा केला आणि मला पहिल्या पंगतीत बसवलं. त्या माणसांचे उपकार मी विसरलेले नाही. सुमनशी आजही फोनवर बोलते. कॅरल वारली तेव्हा पहिला फोन सुमननं मला केला होता.

पण त्या संध्याकाळी यातलं काहीच मला दिसत नव्हतं. आई आणि मी चामटोलीच्या वाटेनं घराकडे निघालो. दोन्ही बाजूंना वालाची शेतं होती, शेंगांचा उग्र वास सुटला होता. आईच्या हातात उरलेल्या पुलावाचा डबा होता. पाहुण्यांसाठी केलेला, बिनतिखटाचा. मी चार पावलं मागे चालत होते. बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. माझं कॉलेज, माझी पत्रं, माझी पायरी, सगळं हिनं एका शब्दात घालवलं होतं. आईनंही मागे वळून पाहिलं नाही. तशीच चालता चालता ती म्हणाली,

"ती वेणी घालायची, तेव्हा दुखायचं का गं?"

"कोण?"

"कोण काय! तीच. तुझी ती."

"नाही."

"माझ्या हातानं दुखतं."

आई आणखी थोडी चालली. तिच्या चपलेचा अंगठा सैल झाला होता, दर पावलाला फट्‌ फट्‌ वाजत होता.

"दोन-तीन रोज बसलीस तिच्यापाशी. लसणाला हाक मारली तर ऐकू येत नव्हतं तुला."

"ऐकू आलं होतं."

आई थांबली. डबा तिनं या हातातून त्या हातात घेतला. तिचा चेहरा मी नीट पाहिला आणि चालता चालता मीही थांबले. हा चेहरा माझ्या ओळखीचा होता. दारातून सुमनची वेणी बघताना माझा असाच होत असणार: ओठ आत ओढलेले, नजर भलतीकडेच. वसतिगृहभर मुलांची मावशी असलेली माझी आई भर रस्त्यात, माझ्यासाठी, एका परक्या बाईवर जळत होती.

"आवडायची तुला ती?" तिनं विचारलं.

"हो."

"माझ्याहून?"

उत्तर माझ्या जिभेवर होतं. मी ते दिलं नाही. तिच्या हातातला डबा घेतला आणि तिच्या पुढे चालू लागले, कारण मला तो प्रश्न आणखी एकदा ऐकायचा होता. रेल्वेचे रूळ ओलांडून आम्ही बेलवलीच्या बाजूला आलो, तेव्हा तिनं तो पुन्हा विचारला.